बत्ताशीच्या पाठीवरचा खटला

बाळांनो, पुस्तक मांडीवर ठेवा आणि जरा वेळ कल्पना करा की तुम्हाला चार पाय आहेत. दोन लांब कान आहेत आणि त्या कानांची सगळं गाव चेष्टा करतं. सकाळचे आठ वाजलेत. तुमच्या पाठीवर दोन्ही बाजूंना लोंबणारी एक जाड गोणी टाकलेली आहे आणि तिच्यात ओली वाळू भरलेली आहे. किती? तुमचं दप्तर पुस्तकांसकट, डब्यासकट घ्या. अशी बारा दप्तरं. आता चढाच्या गल्लीतून वर चला. गोणीचा काठ जिथं घासतो, तिथं तुमच्या पाठीवर रुपयाएवढी जखम आहे. ती कुणाला दिसत नाही, कारण ती गोणीखाली आहे. तुम्हाला सांगताही येत नाही, कारण तुम्ही तोंड उघडलं की लोक हसतात.

झाली कल्पना? मग आता ऐका. हे सगळं ज्या गाढवीचं चाललं होतं तिचं नाव बत्ताशी. कपाळावर बत्ताशाएवढा पांढरा ठिपका, म्हणून बत्ताशी. आणि ती ज्या घरासाठी वाळू वाहत होती ते घर माझं. हे वाक्य मी आरंभीच लिहून टाकतो. मला ते समजायला तीन दिवस लागले होते, तुमचा तेवढा वेळ जायला नको.

आमचं गाव उदगीर आणि देगलूरच्या अधेमध्ये कुठंतरी आहे. तिथल्या शाळेत चौतीस वर्षं शिकवून मी निवृत्त झालो. निवृत्त झालो म्हणजे शाळेनं मला सोडलं, मुलांनी नाही. रोज सकाळी चौदा मुलं आमच्या ओट्यावर जमतात. त्यांच्या अठ्ठावीस चपला स्वयंपाकघराच्या दारात पडतात, म्हणून माझी पत्नी उमादेवी म्हणाली, "अहो, गच्चीवर एक खोली काढा. विद्या वर राहील, चपला खाली राहतील." एवढंसं ते काम. आषाढ सरता सरता पावसानं दहाबारा दिवस उघडीप दिली, तेव्हा मी मिस्त्रीला बोलावलं.

आमची गल्ली इतकी अरुंद, की समोरच्या घरात फोडणी पडली की शिंक आम्हाला येते. ट्रॅक्टर आत येत नाही. तो गल्लीच्या तोंडाशी हापशाजवळ वाळू टाकून जातो, आणि तिथून वर ती पंढरीची चार गाढवं आणतात. पंढरी हा शांत, बारीक, कमी बोलणारा माणूस. पहिल्याच दिवशी मी गच्चीवरून त्याला ओरडून सांगितलं, "पंढरी, गोण्या गच्च भर. उघडीप आहे तोवर उरकून टाकू." आणि खाली येऊन मुलांना शिकवायला बसलो.

त्या दिवशीचा धडा नागरिकाच्या कर्तव्यांचा होता. प्राणिमात्रांबद्दल दयाबुद्धी बाळगावी, हे मी फार गोड आवाजात वाचून दाखवलं. माझी नात अक्षरा पाचवीत आहे. ती पहिल्या रांगेत बसते आणि प्रश्न विचारताना बोट वर करते, घरातली असूनही.

"अज्जा, प्राणिमात्रात गाढव येतं का?"

"येतं की. मुंगीसुद्धा येते."

"मग ती बघा," ती म्हणाली.

बत्ताशी ओट्यासमोर उभी होती. पंढरीनं गोणी उतरवली आणि खालची कातडी गोणीला चिकटून थोडी वर आली. चौदा मुलं एकदम गप्प झाली. चौदा मुलं एकदम गप्प होणं मी चौतीस वर्षांत दोनदाच पाहिलं आहे. एकदा साहेब तपासणीला आले होते तेव्हा, आणि हे.

मी पंढरीला सांगून बत्ताशीला लिंबाखाली बांधायला लावलं. इथंच थांबलो असतो तर ही गोष्ट अर्ध्या पानात संपली असती. पण शिक्षकाला एक खोड असते. घरात दूध उतू गेलं तरी त्याला आधी त्याचा धडा दिसतो, मग दूध. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "मुलांनो, हे नुसतं वाईट नाही, बेकायदा आहे. एकोणीसशे साठ सालचा कायदा आहे. जखमी जनावराला कामाला लावणं गुन्हा आहे. गाढवाच्या पाठीवर पन्नास किलोपेक्षा जास्त ओझं टाकायचं नाही, असाही नियम आहे."

"मग आता काय करायचं?" अक्षरानं विचारलं.

"कायदा वापरायचा," मी म्हणालो. हे शब्द तोंडातून गेले आणि ओट्यावरच्या चौदा जणांच्या डोळ्यांत जाऊन बसले. आता मागं फिरायला जागा नव्हती.

गल्लीत सल्ला मागावा लागत नाही, तो आपोआप येतो. समोरच्या घरातले गुरुबसप्पा हे भुसार मालाचे आडते. ते टॉवेल खांद्यावर टाकून आले. "सिद्रामप्पा, पोलिस पयलं काय इचारतील? वजन इचारतील. पन्नासच्या वर हाय हे तुमी कशावरून म्हणता? तोंडानं? चला माझ्या काट्यावर. इलेक्ट्रॉनिक हाय, कोणाच्या बापाचं ऐकत न्हाई."

हे मला पटलं. पुरावा म्हणून बत्ताशीच्या पाठीवरची तीच गोणी न उघडता न्यायची होती. बत्ताशीवर ती पुन्हा टाकणं शक्य नव्हतं, आणि पंढरी उरलेली तीन गाढवं घेऊन हापशावर गेला होता. म्हणून हातगाडा आणला. तो ढकलायला कोण? शिकवणीतली मुलं धावली, पण मुलांना ओझं ओढायला लावण्याविरुद्धही कायदा आहे, आणि तो मी त्यांना मागच्याच आठवड्यात शिकवला होता. तेव्हा गाडा मी ढकलला.

तुम्ही कधी ओल्या वाळूची एक गोणी मार्केट यार्डापर्यंत ढकलली आहे का? नसेल तर एकदा ढकलून बघा. रस्त्यात अकरा माणसांनी मला नमस्कार केला आणि अकराही जणांनी विचारलं, "गुरुजी, हे काय करून राहिले?" पाचव्या माणसापर्यंत मी सविस्तर सांगितलं. पुढं नुसता हसलो. शेवटी शेवटी हसूही येईना, धाप लागली होती. गोणीतून सगळ्या रस्ताभर पाणी गळत होतं आणि एका बारीक भोकातून वाळूची रेघ पडत होती. अक्षरा मागून येत होती. ती म्हणाली, "अज्जा, पुरावा सांडतोय." मी टोपी काढून भोकात कोंबली.

यार्डात गोणी काट्यावर चढली. मापाडी वीस वर्षं तेच काम करणारा. त्यानं वर न बघता हाळी दिली, "लाभ." आमच्याकडं पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. पाठोपाठ तो म्हणाला, "एक्कावन्न चारशे." माझा जीव भांड्यात पडला. एवढं गळून, सांडूनही एक्कावन्न किलो. मी चिठ्ठी हातात घेतली. चिठ्ठीवर होतं, एकोणपन्नास चारशे.

"दोन किलो कुठं गेले?"

"कडता, गुर्जी," मापाडी म्हणाला.

कडता म्हणजे पोत्याचं वजन आणि मालातला मातीकचरा यासाठी पूर्वी मापातून वजा करत ती रीत. ती बंद होऊन कैक वर्षं झाली. पण हाताला ते कोण सांगणार? हात आपला कापत राहतो.

"अरे, वाळूला कडता?"

"मालात माती असतीच की, गुर्जी."

"हा सगळा मालच माती आहे."

"मग कडता कमीच धरला म्हणायचा," तो म्हणाला, आणि पुढच्या पोत्याकडं वळला.

मी गुरुबसप्पांकडं पाहिलं. मी म्हणालो, चिठ्ठी फाडा, दुसरी द्या. त्यांचा चेहरा बदलला. "सिद्रामप्पा, दुसरं काय बी मागा. लिवलेली चिठ्ठी मी आजवर फाडली न्हाई. एक फाडली तर उद्या शंभर जण फाडा म्हणतील." तेही खरंच होतं. माणूस आपल्या धंद्यात इमानदार निघाला की फार अडचण होते. दुसऱ्यांदा वजन करावं म्हटलं, तर तेवढ्यात हमालांनी ती गोणी कामाची समजून तुरीच्या थप्पीवर नेऊन रचली होती, माझ्या टोपीसकट.

कायद्याप्रमाणे बत्ताशीच्या पाठीवर आता सहाशे ग्रॅम जागा शिल्लक होती.

घरी आलो तेव्हा लिंबाखाली ती उभी होती. माशा बसत होत्या आणि ती पाठीची कातडी थरथरवत होती. दुसरा काही उपाय नसला की गाढव एवढंच करू शकतं. अक्षरा तिच्याजवळ पुठ्ठ्यानं वारा घालत होती. "अज्जा, आता झालं का?" ती म्हणाली. "न्हाई म्हणा."

"नाही झालं," मी म्हणालो. "वजन गेलं, जखम आहे की."

दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यातल्या पुनम डॉक्टर स्कूटीवरून आल्या. त्यांनी हातमोजे घातले आणि जखम धुतली. मग म्हणाल्या, "निदान तीन आठवडे पाठीवर काही टाकायचं नाही. गोणी नाही, खोगीर नाही, पोरंसुद्धा नाही. पुन्हा एकदा घासलं, तर जखम मणक्याला जाईल. मग ही उभी राहायची नाही." त्यांनी दाखला लिहायला घेतला. छापील रकान्यात गाय होती, म्हैस होती, शेळी, मेंढी, कोंबडी होती, आणि शेवटी इतर. डॉक्टरांनी इतरवर खूण केली.

"तिचं नाव लिहा की, मॅडम," अक्षरा म्हणाली. "इतर म्हणून तिला कोण ओळखील?"

डॉक्टरांनी इतरपुढं बत्ताशी असं लिहिलं आणि शिक्का मारला.

अर्ज लिहायचं काम मी अक्षराला दिलं. मुलांनी अर्ज लिहायला शिकलंच पाहिजे. तिनं दोन पानं लिहिली. मी ती तपासली. लाल पेन घेऊन तपासली, मला निळ्या पेनानं वाचताच येत नाही. अक्षर सुंदर होतं, ओळी सरळ होत्या, समास थोडा कमी सोडला होता. मी कोपऱ्यात दहापैकी नऊ गुण दिले, खाली फिर्यादी म्हणून झोकात सही केली, आणि आम्ही ठाण्यात गेलो.

ठाण्यात हरिओम जमादार होता. तो माझा विद्यार्थी. "या सर, बसा. खुर्ची हलती, भिताडाला टेकून बसा." त्यानं अर्ज हातात घेतला आणि वाचायच्या आधी कोपऱ्यातला आकडा पाहिला. "दहापैकी नऊ. सर, मला चौथीत तुम्ही तीनच्या वर कधी दिलंच न्हाई."

"वाच," मी म्हणालो.

तो वाचू लागला. "आरोपी नंबर एक, पंढरी, जनावराचा मालक. आरोपी नंबर दोन, जनावराला कामाला लावणारा..." तो थांबला. त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग कागदाकडं, मग पुन्हा माझ्याकडं. "सर, ह्ये सिद्रामप्पा म्हंजे तुम्हीच ना?"

मी अक्षराकडं वळलो. ती घाबरली नव्हती. फळ्यावर बरोबर उत्तर लिहून जागेवर येणाऱ्या मुलासारखी ती बसली होती.

"अज्जा, कायद्यात दोघं आहेत. मालक, आणि कामाला लावणारा. अर्ज लिहायच्या आधी तुम्हीच वाचून दाखवलं. वाळू आपली आहे. आणि गोण्या गच्च भर असं गच्चीवरून कोण म्हणालं होतं?"

तो अर्ज मी तीनदा वाचला होता. अक्षर पाहिलं होतं, ओळी पाहिल्या होत्या, समास पाहिला होता. त्यात काय लिहिलंय तेवढं पाहिलं नव्हतं. चौतीस वर्षं मी वह्या अशाच तपासल्या की काय, हा विचार त्या दिवसापासून मला अधूनमधून भेटायला येतो.

हरिओम चांगल्या मनाचा. तो आवाज खाली आणून म्हणाला, "सर, दुसरं नाव खोडतो. पोरीचं काय मनावर घ्यायचं? पंढऱ्या एकटा बस हाय."

अक्षरा माझ्याकडं पाहत नव्हती. ती हरिओमच्या पेनाकडं पाहत होती. मी जर ते नाव खोडू दिलं असतं, तर तिनं पुढं काय काय शिकायचं सोडून दिलं असतं, त्याची यादी माझ्या डोळ्यांपुढून गेली.

"राहू दे ते नाव," मी म्हणालो. "आणि नंबर बदल. आरोपी एक मी, दोन पंढरी."

"सर, माफ करा," हरिओम म्हणाला, "पण शाळेत तुम्ही मला रोज गाढव म्हणत होता. आज मला त्याचं काय बी वाटून राहिलं न्हाई."

आता बाळांनो, कायदा वापरणं म्हणजे नळ उघडणं नव्हे. हा गुन्हा अदखलपात्र निघाला, म्हणजे कोर्टाच्या परवानगीशिवाय पोलिस पुढं जाऊ शकत नाहीत. कोर्टात गेलो, तर सगळे कागद दोन प्रतींत हवेत. दोन प्रती नेल्या, तर लाल शाईचे गुण झेरॉक्समध्ये काळे आले आणि कारकुनानं विचारलं, हे नऊ कसले? चार खेटे झाले. पण पाचव्या दिवशी आदेश मिळाला. जनावर कामाला योग्य होईपर्यंत त्याला योग्य ठिकाणी ठेवावे.

योग्य ठिकाण शोधायला हरिओम, मी, अक्षरा आणि बत्ताशी असे चौघं निघालो. गोशाळेत म्हणाले, आमच्याकडं फक्त गायी. कोंडवाड्यात म्हणाले, आमच्याकडं फक्त मोकाट, हिला तर मालक आहे. मी म्हणालो, घटकाभर मोकाट सोडतो. ते म्हणाले, आता आम्ही ओळखलं तिला. दवाखान्यात शेड नव्हतं. ठाण्याच्या आवारात ठेवायला हरिओमच तयार नव्हता. मागं जप्तीतला एक बोकड ठेवला होता, त्यानं डायरीचं पान खाल्लं होतं, आणि त्याच पानावर त्याची नोंद होती.

शेवटी हरिओमनं खिशातून सुपुर्दनामा काढला. कोर्टात बोलवलं की जनावर जसंच्या तसं हजर करीन, तोवर सांभाळीन, असं लिहून देणाऱ्याच्या ताब्यात ते देतात. "सर, इथं सही करा. फिर्यादी म्हणून. आता इथं, आरोपी म्हणून. आणि इथं, ताबा घेणारा म्हणून." सगळ्या सह्या पाहून तो खूश झाला. "एका माणसात तीन कामं. आमचं पळणं लई वाचलं, सर."

अशा रीतीनं ज्या घरात फक्त अठ्ठावीस चपलांची अडचण होती, त्या घरात चार खूर आले.

उमादेवीनं दारातच विचारलं, "हे काय?"

"मुद्देमाल," मी म्हणालो.

"मुद्देमाल ओट्यावर ठेवायचा नाही," ती म्हणाली, आणि आत गेली. पाच मिनिटांनी बाहेर आली ती परातीत भिजवलेला कोंडा घेऊन. माझा त्या दिवशीचा चहा मात्र विसरली.

पुढच्या तीन आठवड्यांत बत्ताशीनं गुरुबसप्पांचा टॉवेल खाल्ला, माझ्या निरोपसमारंभातल्या हाराचा उरलेला दोरा खाल्ला, आणि एक दिवस दाखल्याची झेरॉक्स खाल्ली. मूळ प्रत मी गादीखाली ठेवली होती. सकाळी मी हजेरी घ्यायला लागलो की पहिल्या नावाला ती ओरडायची, आणि ज्याचं नाव असेल तो मुलगा म्हणायचा, "गुरुजी, माझी लागली." गाढवीच्या दुधानं पोरांचा खोकला जातो म्हणून वाट्या घेऊन बायका यायच्या. ती दूध देत नाही, हे मी सांगायचो. मग, "गुरुजी, कधी देईल?" असं मलाच विचारायच्या. गाढवावरच्या जेवढ्या म्हणी मराठीत आहेत तेवढ्या सगळ्या या काळात मला ऐकवल्या गेल्या. त्या मी इथं लिहिणार नाही. बत्ताशीचा आता या घराशी संबंध आहे.

पंढरी रोज संध्याकाळी यायचा. फिर्यादीवर रागावलेला आरोपी कसा असतो, ते मी मनात ठरवून ठेवलं होतं. तो तसा नव्हता. तो बत्ताशीच्या मानेखाली खाजवत उभा राहायचा. एकदा मीच विचारलं, "पंढरी, जखम तुला दिसली नव्हती का?"

"दिसली व्हती की, गुर्जी. मी मिस्त्रीला म्हनलो बी, हिची पाठ सोलली, दोन दिस हिला सोडू. मिस्त्री म्हनला, गुर्जीला घाई हाय." त्यानं तिच्या कानातली एक गोचीड काढली. "तुमच्याच शाळेत व्हतो मी, दुसरीपर्यंत. तुमच्यापुढं तवाबी बोलाया आलं न्हाई."

एवढं सगळं करून मी जो कायदा वापरत होतो, तो न वापरता हे काम गच्चीवरून उतरून एक प्रश्न विचारण्यानं झालं असतं.

कोर्टाची तारीख आली. मी दोन पानांचं भाषण पाठ करून गेलो होतो. माझ्या चार ओळी होतात न होतात तोच न्यायाधीशांनी विचारलं, "गुन्हा कबूल आहे का?" मी म्हणालो, "आहे, पण पंढरीपेक्षा माझा जास्त आहे." त्यांनी कागद उलटले, चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं आणि बहुधा पुढचं प्रकरण जास्त महत्त्वाचं असल्यामुळं किरकोळ दंड केला. पंढरीला नुसती ताकीद मिळाली. भाषण तसंच खिशात राहिलं. संध्याकाळी बत्ताशीनं खिशातून ते काढून घेतलं, पूर्ण ऐकून घेतल्यासारखं चावलं आणि गिळलं.

पुनम डॉक्टर येऊन पाठ पाहून गेल्या. जखम भरली होती, नवीन कातडी गुलाबी दिसत होती. त्यांनी ती कामाला योग्य असल्याचा दाखला दिला, पण वर लिहिलं, महिनाभर फार तर तीस किलो, आणि गोणीखाली जाड घोंगडीची घडी. पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी बत्ताशी पंढरीच्या ताब्यात गेली. म्हणजे कागदावर गेली. उभी लिंबाखालीच होती.

आणि केस संपेपर्यंत काम बंद ठेवलं होतं, म्हणून गल्लीच्या तोंडाशी अजून निम्मी वाळू ताडपत्रीखाली पडली होती.

मिस्त्री आला. पंढरी आला. गुरुबसप्पा नवा टॉवेल टाकून आले. पंढरी म्हणाला, "गुर्जी, पोळा झाला की दुसऱ्या दिशी येक दिस तुमचं काम करतो. त्याच्या पुढं मला किल्लारीकडं वीटभट्टीवर जायाचंय. जबान दिलीय."

मिस्त्रीनं बोटं मोजली. पन्नासच्या आत गोण्या भरायच्या, बत्ताशीला तीस, दिवस एक. "बसत न्हाई, गुर्जी. बरीच वाळू खालीच ऱ्हाती. पुन्हा पाऊस लागला की नालीत जाणार. आन वरती भिंती अर्ध्या. त्या बी फुगणार." त्यानं गल्लीत दोन्हीकडं पाहिलं. "येकच दिस हाय म्हना. तेवढा दिस गच्च भरल्या तर कोण बघतंय?"

गुरुबसप्पा म्हणाले, "केस तर निकालात निघाली, सिद्रामप्पा."

खोटं कशाला सांगू, मनात आलं माझ्या. एक दिवस. पन्नासाऐवजी पंचावन्न. तीसऐवजी चाळीस. अर्ध्या भिंती मला गच्चीवर दिसत होत्या, आणि चौदा मुलं, आणि खाली चपला. पंढरी माझ्या तोंडाकडं पाहत होता, दुसरीत पाहायचा तसा, काही न बोलता. बत्ताशीनं लिंबाला पाठ घासायचा प्रयत्न केला, दुखलं म्हणून सोडून दिला.

"नाही," मी म्हणालो. "पंढरी, गच्च भरायची नाही. मी म्हणालो तरी भरायची नाही. आणि उद्या मी तसं म्हणालो, तर तू मला नाही म्हणायचंस. म्हणून दाखव आत्ता."

पंढरीनं जमिनीकडं पाहिलं. "न्हाई भरणार, गुर्जी," तो म्हणाला, हळू, पण म्हणाला.

"मग राहिलेली वाळू वर कोण नेणार?" मिस्त्रीनं विचारलं.

संध्याकाळ झाली. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडं खांदेमळणी करतात. वर्षभर जू ओढणाऱ्या बैलांच्या खांद्याला कोमट पाणी लावून, तूप आणि हळद चोळतात आणि त्यांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण देतात. आमच्याकडं बैल नाहीत, म्हणून उमादेवी दरवर्षी मातीच्या बैलांच्या खांद्याला बोट टेकवते. या वर्षी तिनं वाटीत तूप जरा जास्तच कालवलं आणि ती वाटी अक्षराच्या हातात दिली.

अक्षरा लिंबाखाली गेली. गुरुबसप्पा ओट्यावरून म्हणाले, "पोरी, बैलाचा मान गाढवाला देतीस का काय?"

"बैलाचा खांदा असतो, काका. हिची पाठ हाय," ती म्हणाली. तिनं गुलाबी कातडीच्या कडेकडेनं दोन बोटांनी तूपहळद लावली. बत्ताशीची कातडी एकदा थरथरली, मग ती उभी राहिली, डोळे अर्धे मिटून. अक्षरानं तिच्या लांब कानाजवळ तोंड नेलं. "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." पंढरीनं टोपी काढून हातात धरली होती. त्याच्या जनावरांना हे आवतण आजवर कुणी दिलं नव्हतं.

वाटीत अजून थोडं तूप उरलं होतं. अक्षरानं वाटीकडं पाहिलं, मग गल्लीच्या तोंडाशी असलेल्या वाळूच्या ढिगाकडं पाहिलं, मग ती ओट्यावर माझ्यामागं येऊन उभी राहिली. माझ्या सदऱ्याची कॉलर तिनं बाजूला सरकवली. तूप कोमट होतं. आधी तिनं उजवा खांदा चोळला, मग डावा, अगदी नीट, कडेकडेनं.

"अज्जा," ती माझ्या कानाजवळ येऊन म्हणाली, "आज आवतण घ्या, परवा वाळू वाहायला या." आणि उरलेली वाटी घेऊन ती गुरुबसप्पांकडं वळली.